समुद्राच्या तळावरची हरकत

आमच्या गल्लीत बाज हातभर सरकवायची झाली तरी गिरदावरसाहेब आधी विचारायचे. उन्हाळ्यात सगळी गल्ली अंगणात झोपायची. दिवेलागणीला ते आपली बाज उचलून बाहेर आणत, खाली ठेवण्याआधी डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "इथं बाज टाकायलोय. कुणाची हरकत?" मग कानामागे हात धरून उभे राहत. पुन्हा विचारत, पुन्हा थांबत. तिसऱ्यांदा विचारून झालं की "न्हाय तर न्हाय" असं पुटपुटून बाज टेकवत. आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या बायकोला वाटलं, बाहेर भांडण जुंपलंय. तिनं मला भरल्या ताटावरून उठवून बाहेर पाठवलं. बाहेर भांडण कसलं, एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा रिकाम्या अंगणाची परवानगी मागत होता.

त्यांचं नाव शेख अमीनुद्दीन. पण ते नाव मी फक्त कागदावर वाचलं. निजामाच्या राजवटीत ते महसूल खात्यात गिरदावर होते. गिरदावर म्हणजे गावोगावच्या पटवाऱ्यांवर देखरेख करत घोड्यावरून फिरणारा माणूस. सरकारला रस्त्यासाठी नाहीतर तलावासाठी जमीन हवी असली की जाहीरनामा घेऊन गावात तेच जायचे. हलगी वाजायची, चावडीपुढे लोक जमायचे, गिरदावर जाहीरनामा वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, "हरकत असंल तर आत्ताच सांगा. मागून रडायचं न्हाय." हे तीनदा. विलीनीकरण झालं, कचेरीतली उर्दू गेली आणि मागोमाग त्यांची नोकरीही संपली. सवय तेवढी अंगात राहिली.

मी बार्शीकडचा. कचेरीत मराठी-इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्यासारख्या कारकुनांची भरती झाली आणि मी या गावात येऊन पडलो. कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. गिरदावरसाहेबांची आणि आमची भिंत एकच होती. एका परीनं त्यांच्यासारख्यांना उठवून आम्ही त्या खुर्च्यांवर बसलो होतो, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. उलट रोज संध्याकाळी, आज कचेरीत काय काय झालं, हे मला खोदून खोदून विचारायचे. दिवसभर त्याच कचेरीनं माझं डोकं उठवलेलं असायचं. मी तुटक उत्तरं द्यायचो. ते मात्र तेवढ्यावरही खूश असायचे.

त्यांच्या चालण्याचीही एक तऱ्हा होती. कचेरी आणि बाजार यांच्यामध्ये मोठं मैदान होतं. सगळं गाव ते तिरपं कापून जायचं. पायवाटाच पडल्या होत्या. गिरदावरसाहेब मात्र भर उन्हातसुद्धा कडेकडेनं वळसा घालून जायचे. विचारलं तर म्हणायचे, "कुणाच्या तरी जमिनीतून जायचं म्हंजी बांधानंच जावं." मी म्हटलं, मैदान सरकारी आहे. ते म्हणाले, "म्हंजी कुणाचं तरी हायच की." जगात बिनमालकाची जागा असते हेच त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक तुकड्याला एक नंबर, एक हद्द आणि एक माणूस असतो, माणूस दिसत नसला तर आपण नीट विचारलेलं नाही, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं.

त्यांची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की आता ती माझीच वाटते. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात तलाव व्हायचा होता. जाहीरनामा वाचून झाला, तीनदा विचारून झालं, कुणी तोंड उघडलं नाही. मुदत सरली. गिरदावरसाहेब घोड्यावर बसणार तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत आली. तलावात तिचं शेत जात होतं. शेताबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. शेताच्या कडेला बाभळीखाली तिचं पहिलं मूल पुरलेलं होतं, अंगावर पिणारं असताना गेलेलं. ती म्हणाली, "तळं करा बाबा, पर माझ्या लेकराच्या अंगावर कुणाला नांगर घालू देऊ नगा." वरचा साहेब हसला. पाण्याखाली नांगर कोण घालणार, म्हणाला. पण गिरदावरसाहेबांना गाळपेर ठाऊक होती. उन्हाळ्यात तलावाचं पाणी हटतं, खालचा गाळ उघडा पडतो आणि तो गाळ लोकांना पेरायला देतात. त्यात काकडी येते, टरबूज येतं. त्यांनी म्हातारीची हरकत मुदत गेल्यावर लिहून घेतली आणि तेवढा तुकडा गाळपेरीतून वगळायला लावला. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण वगळायला लावला.

तलाव झाला, भरला. पुढं कितीतरी वर्षांनी ते मुद्दाम उन्हाळ्यात जाऊन बघून आले. सगळ्या गाळात वेल पसरले होते आणि मधेच एक चौकोन मोकळा होता. त्यावर नुसतं गवत. म्हातारी केव्हाच गेली होती, पण गावानं तो तुकडा राखला होता. गोष्ट संपली की ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. "पाणी आलं म्हून जागा जात न्हाय, जगदाळे. वर कितीबी पाणी असू द्या, खाली जमीन ती जमीनच."

हे वाक्य मला पहिल्यांदा नुसतं म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं होतं. त्यात रशीद आहे हे मला बायकोकडून कळलं.

रशीद त्यांचा एकुलता एक मुलगा. विलीनीकरणाच्या त्या गडबडीच्या दिवसांत इथं काम मिळेना म्हणून तो मुंबईला गेला आणि एका बोटीवर लागला. बोटीच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून कोळसा टाकायचं काम. तिथं त्याला आगवाला म्हणत. एकदा सुट्टीवर आला तेव्हा आईसाठी, म्हणजे हलिमाबींसाठी, बसऱ्याचे खजूर घेऊन आला होता, ती बरणी त्यांनी संपू दिली नाही. दुसऱ्यांदा यायचा होता तो आला नाही. एडनहून परतताना बोटीवर ताप भरला आणि त्यातच गेला. बरोबरच्या लोकांनी नमाज पढला आणि त्याला पाण्यात सोडला. बोटीच्या कंपनीनं कळवलं त्यात, कुठं सोडला त्या जागेचे दोन आकडे दिले होते. हे आकडे कसले, असं गिरदावरसाहेबांनी मला विचारलं होतं. समुद्रावर जमिनीसारख्या खुणा नसतात, म्हणून आडव्या-उभ्या रेघा धरून जागा सांगतात, एक प्रकारचा सर्व्हे नंबरच समजा, असं मी म्हणालो. त्या दिवसापासून ते त्याला रशीदचा सर्व्हे नंबर म्हणू लागले. नमाज झाल्यावर ते दोन आकडे ओठांतल्या ओठांत म्हणताना मी त्यांना ऐकलंय.

हलिमाबींना मुलगा गेला हे पटलंच नाही. कबर न्हाय, माती दिली न्हाय, मग मेला कसा, असं त्या विचारायच्या. जेवायला बसताना तिसरी थाळी घ्यायच्या. दोन-एक वर्षांत त्याही गेल्या. कब्रस्तानात त्यांच्या शेजारची जागा गिरदावरसाहेबांनी चार कोपऱ्यांना चार दगड लावून धरून ठेवली. ती स्वतःसाठी नव्हती. "माझं काय, कुठंबी टाका," म्हणायचे. ती जागा रशीदची. दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, जाऊन दोन्हीकडचं गवत काढायचे, भरलेल्या जागेचंही आणि रिकाम्या जागेचंही. कब्रस्तान लहान, त्यात अर्ध्या भागात खडक. रिकामी जागा अडवून ठेवल्याबद्दल लोक आपसात कुरकुरायचे. गिरदावरसाहेबांनी एका जुम्याला सगळ्यांसमोर विचारलं, कुणाची हरकत? तोंडावर कोण बोलणार?

मग ती समुद्राची बातमी आली. पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. रविवारी सकाळी वाचनालयात आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. तिथले वकील मोठ्यानं पेपर वाचायचे, कारण त्यांना स्वतःचा आवाज आवडायचा. त्यांनी वाचलं की, भारत सरकारनं जाहीर केलं आहे, किनाऱ्याला लागून समुद्राखाली जी जमीन उतरत गेलेली आहे, तिचा तळ आणि त्या तळाखालची सगळी खनिजं भारताची. वरचं पाणी सगळ्यांना मोकळं, पण खालची जमीन आपली. अमेरिकेनं हे आधीच केलं होतं, मागोमाग बाकीचे देशही आपापला तळ सांगायला लागले होते. वकील म्हणाले, खाली तेल असणार. कापडाच्या दुकानदाराला त्यात मोत्यांची शक्यता दिसली. एकजण म्हणाला, आपल्याला प्यायला घागरभर पाणी मिळेना आणि हे समुद्र वाटून घ्यायलेत. सगळे हसले.

कोपऱ्यात गिरदावरसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "जाहीरनामा कुठं लावलाय? हरकतीला मुदत किती?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उठला तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला. वकील म्हणाले, साहेब, माशांकडून हरकती मागवल्यात. गिरदावरसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सरकार जमीन घेतं तेव्हा जाहीरनामा लावतं, लोकांना विचारतं, थांबतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. वर पाणी आहे एवढ्यानं फरक काय पडतो, गाळपेरीतही वर पाणीच असतं. ते रोज कचेरीच्या फळ्यापुढे जाऊन जाहीरनामा आलाय का बघू लागले. तिथं विहिरीचे लिलाव, मुरमाचे ठेके, हरवलेली म्हैस, सगळं होतं. समुद्र काही लागला नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच हरकत लिहिली आणि ती माझ्या टेबलावर येऊन पडली. फार थोडक्यात होती. सरकारनं समुद्राचा तळ खुशाल घ्यावा, त्यातलं तेल, सोनं, काय असेल ते काढावं. फक्त अमुक नंबरच्या जागी अर्जदाराचा मुलगा दफन आहे, तेवढी जागा कब्रस्तान म्हणून वगळावी. खाली गाळपेरीचा दाखला दिला होता, त्या वाशीकडच्या तलावाच्या नावासकट.

आता हा कागद कुठं पाठवायचा? आमच्या कचेरीत गायरानाचं टेबल होतं, इनामाचं होतं, जंगलाचं होतं. समुद्राचं नव्हतं. एकानं तो खनिजाच्या टेबलाकडे सरकवला, कारण त्यात खनिज हा शब्द होता. खनिजाचा कारकून आयुष्यभर मुरूम आणि वाळू यांच्यापलीकडे गेलेला नव्हता, त्यानं तो भूसंपादनाकडे ढकलला. भूसंपादनानं विचारलं, गाव कोणतं? जिथं गेला तिथं कागदाचं हसं झालं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा खाता खाता मोठ्यानं वाचला गेला तेव्हा मी उठलो, हातातून हिसकावून घेतला आणि सरळ कलेक्टरसाहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. मला राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

साहेब तरुण होते, दक्षिणेकडचे. मराठी जेमतेम समजायची. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि अर्जदाराला बोलवा म्हणाले. तारीख पडायला मधे बराच काळ गेला, साहेबांच्या मागे दुष्काळाची कामं होती. पण बोलावणं आलं. गिरदावरसाहेब उन्हानं विटलेली काळी शेरवानी घालून आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सुनावणीला उभंच राहायचं असतं.

साहेबांनी भिंतीवरचा मोठा नकाशा टेबलावर उतरवून घेतला. ते दोन आकडे घेऊन त्यांनी एक बोट वरून आणि एक बोट बाजूनं सरकवत आणलं आणि दोन्ही बोटं जिथं मिळाली तिथं निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. त्यांनी फार सांभाळून समजावलं. देशाचा हक्क किनाऱ्यालगत, जिथवर समुद्र उथळ आहे तिथवर. ही जागा त्याच्या खूप पलीकडे आहे, फार खोल. इथं भारताचा हक्क नाही. अरबस्तानाचा नाही, कुणाचाच नाही. त्यामुळं काळजी करू नका, सरकारनं ती जागा घेतलेलीच नाही.

साहेबांना वाटलं आपण दिलासा दिला. गिरदावरसाहेबांचा चेहरा मी पाहत होतो. तो माणूस उभ्या उभ्या खचला.

"म्हंजी बेवारस?" त्यांनी विचारलं.

साहेबांना शब्द कळला नाही. मी इंग्रजीत सांगितला. सांगताना मलाच कसंतरी झालं. गिरदावरसाहेब त्या निळ्या जागेकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "आणि म्होरं? खोल खणायची मशीन आली म्हंजी?"

साहेब प्रामाणिक होते. ते म्हणाले, देशादेशांमध्ये असंच ठरत चाललं आहे की, जिथवर खणता येईल तिथवर हक्क सांगता येईल. आज तिथं कुणी पोचू शकत नाही. उद्याचं कुणी सांगावं.

"मग आत्ताच घ्या हरकत," गिरदावरसाहेब म्हणाले. "उद्या कोण इचारणार हाय मला? मी नसणार. तुमीबी नसणार साहेब, तुमची बदली हुईल."

मग साहेबांनी पेन काढलं, कागदावर 'हरकत मिळाली' असं लिहिलं, सही केली आणि शिपायाला बोलावून शिक्का मारायला लावला. त्या शिक्क्याचा काही उपयोग नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गिरदावरसाहेबांनी सलाम केला आणि गेले.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ते पायऱ्या उतरले, फाटकातून बाहेर पडले आणि सरळ मैदानात शिरले. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. कडेनं न जाता, तिरपे, मैदान कापून निघून गेले. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच.

वरून उत्तर यायला वर्ष लागलं. सदर प्रकरणी कार्यवाहीची आवश्यकता दिसत नाही, एवढंच होतं. ते मी घरी नेऊन वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तीनदा इचारलं व्हतं का त्यांनी?" मी म्हटलं, कुणी? "ज्यांनी समुद्र वाटून घेतला त्यांनी." मी म्हटलं, नसावं विचारलं. "मग वाटणी कच्ची हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

त्यांचं एकटेपण डोळ्यांत भरेल असं काही नव्हतं. भाकरी स्वतः थापायचे, कपडे स्वतः धुवायचे, कुणापाशी रडगाणं नाही. संध्याकाळी मात्र भिंतीपलीकडून आवाज यायचा, "रेडिओ लावायलोय. हरकत?" आणि माझी बायको हातातलं काम न सोडता ओरडायची, "न्हाय हो चाचा, लावा." पुन्हा हरकत, पुन्हा न्हाय हो चाचा. कधी कधी मी वैतागायचो. एकदाच सांगून टाक की, काय रोजची कटकट, असं म्हणालो तर ती म्हणाली, "अहो, दिवसभरात तेवढंच कुणीतरी बोलतं त्यांच्याशी." ती माहेरी गेली की मी उत्तर द्यायला विसरायचो. मग पलीकडे खूप वेळ शांतता असायची. रेडिओ लागायचा नाही. ते थांबलेले असायचे.

साठ साल सरून खूप पुढं आलो तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. पेपर मीच वाचून दाखवायचो. एकदा बातमी होती की, जगातले सगळे देश जमतात त्या मोठ्या सभेत कुणीतरी उठून म्हणालं, खोल समुद्राचा तळ जो कुणा एका देशाचा नाही, तो सगळ्या माणसांचा मिळून मानावा, त्यातली संपत्ती सगळ्यांची. मला वाटलं म्हातारा खुलेल.

"म्हंजी गायरान," ते म्हणाले. "बरं झालं. बेवारस म्हणण्यापरीस गायरान बरं." पण मग मान हलवली. "पर गायरानात आधी कोण शिरतं, तुमी कचेरीत बघायलाव की. ज्याच्याकडं जनावरं लई, त्यो."

मी पेपर घडी करून ठेवला. दूर कुठल्या तरी महासागरात तळाशी बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेले सापडलेत, असंही त्याच बातमीत होतं. ते मी वाचून दाखवलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात माझी बीडला बदली झाली. त्यानंतर मी गावात गेलो तेव्हा ते नव्हते. त्यामुळं शेवटचं म्हणून मला दिसतात ते निघण्याच्या आधीच्या आठवड्यातले.

ढोकीला साखर कारखाना झाला होता. तिथं साखर पकवण्याच्या कामावर कानपूरकडची काही माणसं आली होती. त्यांतला एक पोरगा काविळीनं आजारी पडला, धाराशिवच्या दवाखान्यात आणला आणि दोन दिवसांत गेला. वय असेल पंचवीसच्या आत. गावाकडे तार केली. बापाची उलट तार आली की पोचणं होत नाही, माती देऊन टाका. कारखान्यातले चार सोबती आणि आमच्या गल्लीतली माणसं मिळून जनाजा निघाला. गिरदावरसाहेबांनी मला बरोबर घेतलं, त्यांना आता वाट नीट दिसत नव्हती.

कब्रस्तानात गेलो तर सगळे खोळंबलेले. सकाळपासून दोन ठिकाणी खणून पाहिलं होतं, दोन्हीकडे हातभर खाली खडक. पहार आपटून माणसं दमली होती. उन्हाळ्याचे दिवस, मयत जास्त वेळ ठेवता येणार नव्हती. मऊ, खोल मातीची एकच जागा शिल्लक होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. चार दगडांमधली. पण कुणीही त्या बाजूला बघत नव्हतं. कब्रस्तानाची व्यवस्था बघणारे मुतवल्ली खाली मान घालून उभे होते. मौलवी उगाच तसबीहचे मणी फिरवत होते.

गिरदावरसाहेबांनी मला विचारलं, का थांबलेत सगळे? मी सांगितलं.

त्यांनी कारखान्यातल्या एका पोराला जवळ बोलावून विचारलं, "बाप कुठं हाय ह्याचा?" तो म्हणाला, कानपूरच्याही पुढं, खेड्यात. "त्याला कळंल का, कुठं ठिवला त्ये?" पोरगा म्हणाला, आम्ही सांगू. "नीट सांगा," गिरदावरसाहेब म्हणाले. "आकडे नगा सांगू. कुणाच्या शेजारी हाय त्ये सांगा."

माझा खांदा सोडून ते चार दगडांपाशी गेले. खाली बसून एकेका दगडावरून हात फिरवला. उठताना त्यांना आधार लागला, पण मी पुढं झालो तर हातानंच नको म्हणाले. मग ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. तिकडे मक्का आहे, तिकडेच ऊन उतरलं होतं, आणि बार्शीच्या, घाटाच्या पार पलीकडे तिकडेच समुद्र आहे. त्यांनी कानामागे हात धरला.

"रशीद, तुझी जागा द्यायलोय. हरकत?"

चावडीपुढे थांबायचे तसे थांबले. कुणी खोकलंसुद्धा नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्यानंतर मात्र ते इतका वेळ थांबले की पहारी घेतलेल्या माणसांनी पहारी खाली ठेवल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात तसाच कानामागे होता.

"न्हाय तर न्हाय," ते म्हणाले, आणि वाकून पहिला दगड त्यांनी स्वतः उपटला.